दुखण्याची रेघ

आमच्या घरात एक खोड आहे. कुणाच्या छातीत जरा कळ आली, की सगळे डॉक्टरला फोन करायच्या आधी माझ्याकडे बघतात. मी डॉक्टर नव्हते, नर्स नव्हते, कंपाउंडरसुद्धा नव्हते. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात मी हृदयाचे फोटो धूत असे. धाकटी नणंद मला अजून 'हृदयाची धोबीण' म्हणते आणि मी रागावत नाही, कारण माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मलाही कधी जमलेलं नाही.

माझ्या वडिलांचा गिरगावात फोटो स्टुडिओ होता. लोकांच्या मुली ओट्यापाशी मोठ्या झाल्या, मी अंधारखोलीत झाले. लग्नाचे, मुंजीचे, बारशाचे चेहरे मी पाण्यातून वर येताना पाहिलेत. वडील गेले, स्टुडिओ बंद झाला आणि कुणीतरी सांगितलं, परळला हृदयाच्या विभागात अंधारात काम करणारं माणूस हवंय. डॉक्टर तेलंगांनी मुलाखत घेतली. हृदयाबद्दल काय माहीत आहे, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, की काहीच नाही. मग त्यांनी विचारलं, अंधाराची भीती वाटते का. मी म्हटलं, उजेडाची जास्त वाटते. ते हसले आणि म्हणाले, उद्यापासून या.

आता यंत्रातून शाईची रेघ सुरसुरत कागदावर येते आणि पोरगेला डॉक्टर ती चहा पिता पिता वाचतो. आमचं यंत्र म्हणजे चाकं लावलेलं कपाट होतं. माणसाला आडवं निजवायचं, मनगटांना आणि डाव्या पायाला मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी बांधायची, त्यांवर तारा. हृदय धडधडतं तेव्हा अगदी कणभर वीज उठते. त्या विजेच्या तालावर कपाटात उजेडाचा एक धागा हलायचा आणि फोटोच्या कागदावर आपली वाट उमटवून जायचा. बाहेर काही दिसायचं नाही. यंत्र नुसतं गुणगुणायचं. पेशंट विचारायचा, झालं? काय निघालं? मी म्हणायचे, थांबा, अजून धुवायचंय.

मग मी कागदाचा डबा घेऊन अंधारखोलीत जायचे. तांबडा मिणमिणता दिवा, औषधी पाण्याची तबकं, नाकात बसलेला तो आंबूस वास. पांढरा कागद पाण्यात सोडायचा आणि वाट बघायची. आधी काहीच नसायचं. मग कुणीतरी पाण्याखालून हळूच बोट फिरवत यावं तशी रेघ वर यायची. छोटी टेकडी, मग उंच सुळका, मग पुन्हा एक गोलसर टेकडी. पुन्हा तेच, पुन्हा तेच. बाहेर गिरण्यांचे भोंगे व्हायचे, खिडकीच्या काळ्या कापडापलीकडून मोर्चाच्या घोषणा यायच्या, आणि आत मी एका अनोळखी माणसाच्या टेकड्यांवरून चालत असायचे. कधी कधी वाटायचं, आपण झोपलोय आणि हे दुसऱ्याच कुणाचं तरी स्वप्न आपल्याला पडतंय. रस्त्यात पेशंट भेटला तर चेहरा ओळखायचे नाही. रेघ दाखवली असती तर नाव सांगितलं असतं.

पहिल्याच आठवड्यात गिरगावातल्या एका गृहस्थांची रेघ उलटी निघाली. सुळके सगळे खाली. मी रडवेली होऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "एक तर यांचं हृदय उजवीकडे आहे, नाहीतर तुमचे हात उलटे आहेत." मी डाव्या हाताची तार उजव्याला बांधली होती. सुलटी रेघ काढून दिली तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, याची एक मोठी कॉपी काढा, दिवाणखान्यात लावतो, घरात कुणाला पटतच नाही मला हृदय आहे म्हणून.

गंमत सोडली, तर त्यांचं म्हणणं आमच्या विभागातल्या निम्म्या पेशंटांचं होतं. पटत नाही, हेच मोठं दुखणं होतं.

हृदयाला रक्त देणाऱ्या नळ्या आतून चिंचोळ्या होतात. पण निजलेल्या माणसाला तेवढं रक्तही पुरतं, म्हणून रेघ साफ येते. चाळीत पाणी कमी येतं हे दुपारी रिकाम्या वेळी नळ सोडून कळत नाही. ते सकाळी सगळे एकदम उठल्यावर कळतं. हृदयाचंही तसंच. माणूस जिना चढतो, मागणी वाढते आणि छातीवर कुणीतरी जातं ठेवल्यासारखं होतं. थांबला की जातं उतरतं. गिरणीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो ठणठणीत. मग त्याच्यावर कामचुकार असा शिक्का पडायचा.

डॉक्टर तेलंगांचं संशोधन यावर चाललं होतं. त्यांनी रुग्णालयाच्या सुताराकडून लाकडी पायऱ्या करून घेतल्या, इकडून चढायच्या, तिकडून उतरायच्या, देवळाच्या दोन पायऱ्या कुणी उचलून खोलीत ठेवाव्यात तशा. पेशंटनं ठरलेल्या लयीत चढ-उतार करायची आणि लगेच आडवं व्हायचं. नळ्या चिंचोळ्या असतील, तर सुळक्यानंतरचा सपाट भाग आपल्या जागेवरून खाली बसायचा. झोपाळू मुलाची मान पडावी तसा. दुखणं कागदावर दिसायचं.

लय धरायला टकटक करणारं घड्याळी यंत्र होतं, ते बिघडलं. नवीन यायला वेळ होता. मी टाळ्या वाजवायला लागले, पण माझी लय म्हणजे आमच्या घरी आरतीलासुद्धा मला झांज देत नाहीत. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. बाकावर बसलेल्या गिरणीकामगारांपैकी कुणीतरी सहज सुरू केलं, "झालाच पाहिजे." एक पाय 'झालाच'ला, दुसरा 'पाहिजे'ला. डॉक्टरांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. लय बिनचूक होती. ते फक्त म्हणाले, जरा हळू आवाजात, वॉर्डात माणसं निजलीत. तेव्हापासून आमच्याकडे हृदयाची परीक्षा घोषणेवर व्हायची. टकटकीचं नवीन यंत्र आलं ते कपाटातच राहिलं.

पायऱ्यांचं जमल्यावर डॉक्टरांनी गोळ्यांचं काम काढलं. एक नवीन गोळी आली होती, जिभेखाली विरघळायची, म्हणे नळ्या सैल करते. खरंच करते का, हे बघायचं होतं. अर्ध्या पेशंटांना खरी गोळी, अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी नुसती साखरेची. कुणाची कुठली, ते ना डॉक्टरांना ठाऊक, ना मला. फक्त औषधशाळेत कुलपाखाली लिहून ठेवलेलं. नाहीतर माणसाला नुसत्या आशेनंही बरं वाटतं आणि डॉक्टरलाही नुसत्या आशेनं तसं दिसतं. डॉक्टर लपवाछपवी करणारे नव्हते. त्यांनी बाकावरच्या सगळ्यांना उभं राहून समजावलं होतं की कुणाला औषध मिळेल, कुणाला नुसती साखर, नशिबाचा भाग आहे, पण यातून उद्या हजारोंचं भलं होईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या माना कशासाठी डोलत होत्या, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

या मंडळींतली एक तुकडी मंगळवारी यायची. त्यात लालबागचे गोविंद सावंत होते. कणकवलीकडचे, सांच्यावर कापड विणणारे, मिशीत हसणारे. मला 'बाय' म्हणायचे, मी त्यांना मामा. आणि भोईवाड्याचे किसन जाधव, सूत कातायच्या खात्यातले. किसनराव बारीक, अबोल, कपडे मात्र परीटघडीचे. पहिल्या दिवशी नाव-गाव सांगताना धर्माच्या रकान्याशी मी थांबले तेव्हा म्हणाले, "बौद्ध लिवा बाई. नीट अक्षरात लिवा."

किसनरावांची गोष्ट नाजूक होती. सूतखात्यात दिवसभर उभ्यानं चालायचं. चार फेऱ्या झाल्या की त्यांच्या छातीवर जातं बसायचं. ते भिंतीला टेकायचे. मुकादम म्हणायचा, सभेला जायला छातीत दुखत नाही, मशिनीवरच बरं दुखतं. खरं तर सभेच्या वाटेवरही ते दोनदा फुटपाथवर बसले होते, पण ते मुकादमाला कोण सांगणार? गिरणीच्या दवाखान्यात निजवून काढलेली रेघ साफ होती. त्यांना घडीखात्यात बसून कापडाला शिक्के मारायचं काम हवं होतं. नाहीतर नोकरी सोडावी लागली असती, किंवा न सोडता एक दिवस मशिनीजवळच पडले असते. घरात बायको आणि चार पोरं. डॉक्टर तेलंगांनी चिठ्ठी दिली, पायऱ्यांची रेघ जोडली. गिरणीच्या डॉक्टरांचं उत्तर आलं की या लाकडी पायऱ्यांचा प्रकार आम्ही ऐकलेला नाही, परीक्षा आमच्यासमोर व्हावी.

गिरणीचा हा डॉक्टर माणूस वाईट नव्हता. गोरा, घाऱ्या डोळ्यांचा, दमलेला. येणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही दुखत असतं, अशा जागी आयुष्य काढलं की कान जाड होत असतील.

मंगळवार ठरला. डॉक्टर तेलंगांनी किसनरावांना बजावलं, त्या दिवशी सकाळी तुमची गोळी घ्यायची नाही. साखरेची असो की औषधाची, रेघ कोरी यायला हवी. किसनराव हो म्हणाले.

मंगळवारी बाक भरलेलं होतं. परीक्षा किसनरावांची, पण तोंडं सगळ्यांची सुकलेली. गिरणीचे डॉक्टर खुर्ची ओढून पायऱ्यांसमोर बसले. घोषणा ऐकून त्यांच्या भुवया वर गेल्या. "झालाच, पाहिजे. झालाच, पाहिजे." बाक पुटपुटत होतं आणि किसनराव चढत होते, उतरत होते, इतके सरळ, इतके हलके, की मलाच आश्चर्य वाटलं. कुठे थांबले नाहीत. आडवे झाले, तारा बांधल्या, यंत्र गुणगुणलं, मी डबा घेऊन आत गेले.

रेघ वर आली. टेकडी, सुळका, आणि पुढचा भाग सपाट, निवांत, आपल्या जागी. मी कागद हलवला, जणू हलवून ती खाली बसणार होती. पहिल्या परीक्षेला हीच रेघ पार वाकली होती. हा तोच माणूस होता, तेच सुळके होते, फक्त दुखणं कुणीतरी पुसून टाकलं होतं. त्या तांबड्या उजेडात मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या निरोगी रेघेचा मला राग आला.

ओला कागद घेऊन बाहेर आले. गिरणीच्या डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि अगदी सभ्यपणे म्हणाले की छान आहे. ते टोपी घ्यायला वाकले. आणि किसनरावांनी बाकावरून विचारलं, "पास झालो ना बाई?"

त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. नुसता आनंद होता त्यावर. शेजारी सावंतमामा मिशीत हसत होते, पोराचा निकाल लागल्यासारखे.

डॉक्टर तेलंग हळूच त्यांच्यासमोर जाऊन बसले. विचारलं, सकाळी गोळी घेतली होती का.

"न्हाई साहेब. तुमी नको म्हनलात ना? माजी न्हाईच घेतली."

"मग?"

किसनरावांनी सावंतमामांकडे पाहिलं. "ह्यांची घेतली."

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. त्या नव्या गोळीनं डोकं ठणकतं. नळ्या सैल होतात, त्यात डोक्याच्याही होतात. बाकावर बसल्या बसल्या मंडळींच्या ध्यानात आलं होतं, की सावंतमामांचं डोकं दुखतं आणि किसनरावांचं दुखत नाही. म्हणजे सावंतांची बाटली औषधाची, किसनची साखरेची. आणि डॉक्टरांनी तर स्वतःच सांगितलं होतं की काहींना नुसती साखर मिळणार. आता एका बाकावर बसणाऱ्या माणसांत एकानं औषध खायचं आणि दुसऱ्यानं साखर, हे सावंतमामांना काही पटेना. ज्या खोलीत पंधरा माणसं आळीपाळीनं निजतात आणि गावाहून आलेली आंब्याची पेटी माणशी मोजून वाटली जाते, तिथे हा विचार बसणारच नव्हता. त्यांनी दोन्ही बाटल्या एका डब्यात ओतल्या आणि निम्म्या निम्म्या केल्या. त्यांचं बघून मग सगळ्या बाकानं.

आज परीक्षा, म्हणून डब्यातल्यावर भरवसा न ठेवता मामांनी नव्या बाटलीतली खास एक आणली होती. मुलाला परीक्षेला जाताना हातावर दही-साखर देतात, तशी रुग्णालयाच्या दाराशी किसनरावांच्या हातावर ठेवली होती.

"पायरेर अडखळाक नको, म्हणून दिलंय," मामा म्हणाले. "माका काय ठावक, हेंका नापास व्हायचा होता?"

डॉक्टर तेलंगांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. किती महिन्यांचं काम होतं ते. परदेशातल्या मासिकाला पाठवायचा निबंध अर्धा लिहून झाला होता. कुणी काय खाल्लं याचा आता कुठलाच भरवसा नव्हता.

"सगळ्यांनीच वाटून घेतल्या?" त्यांनी विचारलं.

बाकानं माना डोलावल्या. त्याच माना.

मला वाटलं, आता ओरडतील. ते उठून खिडकीपाशी गेले. मग वळले ते गिरणीच्या डॉक्टरांकडे. म्हणाले, माझं नुकसान मी नंतर मोजेन, आधी याचं बघू. गोळीचा असर दुपारपर्यंत उतरतो. तुम्ही जेवायला थांबाल का?

ते थांबले. का थांबले ते मला कधी कळलं नाही. कदाचित पंख्याखालची खुर्ची बरी वाटली असेल.

ती दुपार मला स्वप्नासारखी आठवते. वॉर्डात सामसूम, गिरणीचे डॉक्टर खुर्चीत पेंगलेले, बाकावर एकही माणूस घरी न गेलेला. खरं तर कुणाचं तिथं काही काम उरलं नव्हतं. किसनराव हात मांडीवर ठेवून बसले होते. सावंतमामा अपराध्यासारखे दूर, टोकाला. मी त्यांना सांगायला गेले की मामा, असू दे, तुम्ही चांगल्या मनानं केलंत. तर किसनरावच बोलले. इतकं सलग मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. सांच्यावर धोटा भरताना, म्हणजे आडव्या सुताची नळी बदलताना, सूत तोंडानं ओढून घ्यावं लागतं. एकाचं उष्टं दुसऱ्याला लागतं. म्हणून त्यांच्या बापाला, त्यांना, त्यांच्या सगळ्या माणसांना सांच्याच्या खात्यात कधी घेतलं नाही, जन्म सूतखात्यात गेला. ते सावंतमामांकडे बघून म्हणाले, "सांच्यावर न्हाई घेतलंत. गोळीवर घेतलंत." आणि जरासे हसले. मामांनी मान खाली घातली. मग टोकावरून उठून ते पुन्हा आपल्या जागेवर, किसनरावांच्या शेजारी येऊन बसले.

ऊन खिडकीतून पायऱ्यांवर आलं तेव्हा डॉक्टर तेलंग म्हणाले, चला. त्यांनी किसनरावांची नाडी धरली आणि सांगितलं, दुखलं की तिथेच थांबायचं, दमानं घ्यायचं, इथे पास-नापास काही नाही.

बाकानं सुरुवात केली. अगदी हळू. "झालाच, पाहिजे. झालाच, पाहिजे." सकाळचा हलका माणूस आता नव्हता. तिसऱ्या-चौथ्या फेरीला खांदे वर आले. हात छातीकडे निघाला, पण त्यांनी तो मागे घेतला. सवय होती ना, लपवायची. "झालाच," बाक म्हणालं, आणि किसनराव वरच्या पायरीवर उभे राहिले. कपाळावर घाम. बाकाचा उरलेला शब्द तोंडातच राहिला. डॉक्टरांनी त्यांना धरून निजवलं, मी तारा बांधल्या. या वेळी डावी-उजवी नीट बघून.

पुढचं थोडक्यात सांगते. डॉक्टरांनी जिभेखाली खरी गोळी दिली आणि किसनराव हळूहळू निवळले. पुढच्या महिन्यात घडीखात्यात गेले आणि बरीच वर्षं तिथे शिक्के मारत राहिले. मंगळवारचं बाक निबंधातून वगळावं लागलं आणि इतर वारांच्या पेशंटांवर तो फार उशिरा पुरा झाला. पुढे परदेशात तो छापून आला तेव्हा त्यात आमच्या बाकाबद्दल एकच ओळ होती, की काही रुग्णांचे निकाल विश्वासार्ह नसल्यानं धरलेले नाहीत. डॉक्टर तेलंग ती ओळ वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, आयुष्यात मी याहून खोटी ओळ लिहिली नाही. महाराष्ट्र झाला. शाईच्या रेघेची यंत्रं आली, माझी तबकं सुकली आणि मी उजेडात बसून कारकुनी करू लागले. गोळी वाटून खाल्ली म्हणून एवढं काम फुकट गेलं, याची हळहळ मला आजही आहे. ते वेळेत पूर्ण झालं असतं तर कुणाकुणाला लवकर औषध मिळालं असतं. पण त्या बाकाला शहाणपण शिकवायला मी जाणार नाही.

मुलं ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, पण त्यांना पायऱ्या आणि घोषणा हव्या असतात. मला आठवते ती अंधारखोली. त्या दुपारी मी डबा घेऊन निघाले तेव्हा गिरणीचे डॉक्टर उठले आणि म्हणाले, मी आत येऊन बघतो. नियमात बसत नव्हतं. मी म्हटलं, मग किसनरावही येतील, रेघ त्यांची आहे. आणि किसनराव आले म्हणजे त्यांना आधार द्यायला सावंतमामा आलेच. दोघांना पुरत नाही अशा खोलीत आम्ही चौघं. दार लावलं. तांबड्या उजेडात कोण गोरं, कोण काळं, कोण डॉक्टर, कोण कामगार, काही कळेना. चार श्वास तेवढे होते.

मी कागद पाण्यात सोडला. पांढरा. पांढरा. मग पाण्याखालून टेकडी आली, सुळका आला, आणि त्याच्यापुढची रेघ हळूहळू, दमून बसल्यासारखी, खाली उतरत गेली.

किसनराव वाकून बघत होते. फार वेळ. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "हां. असंच दुखतं."

गिरणीच्या डॉक्टरांनी घसा खाकरला. अंधारातच विचारलं, "कधीपासून दुखतंय, जाधव?"

किसनरावांनी रेघेवरची नजर काढली नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग सावंतमामांचा आवाज आला.

"सांग रे, किसन. इचारतहत ते."

आणि किसनराव सांगू लागले. मी कागद दुसऱ्या तबकात सोडला आणि दार उघडायची घाई केली नाही.